भुकेचे माप शोधणारे डॉ. सुखात्मे

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी संख्याशास्त्र शेताच्या बांधापासून माणसाच्या ताटापर्यंत नेले. लंडन विद्यापीठातून १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवून परतल्यावर त्यांनी कलकत्त्यात सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत अध्यापन केले. पुढे कृषी संशोधन परिषदेत पीककापणीची नमुना पाहणी त्यांनी शास्त्रशुद्ध केली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर हद्दीवरची रोपे आत धरली जाऊन उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी सिद्ध केले.

रोमच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख असताना जगातील भुकेचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. प्रत्येक माणसाची उष्मांकांची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही ती दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही, असे त्यांनी मांडले. यामुळे गरिबांची संख्या कमी दाखवली जाईल, अशी कठोर टीका झाली. पुण्यात परतल्यावरही ते मतावर ठाम राहिले. अन्नाइतकेच स्वच्छ पाणी व आरोग्य महत्त्वाचे, हा त्यांचा आग्रह होता.

१९७१ मध्ये ‘पद्मभूषण’ लाभलेल्या सुखात्मे यांचे १९९७ मध्ये निधन झाले. उपाशी कोणाला म्हणावे, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही.