चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ

चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ (९ एप्रिल, १८६५ – २६ ऑक्टोबर, १९२३) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन विद्युत अभियंते व गणितज्ञ होते. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचे गणित त्यांनी सुलभ केले आणि विद्युत मंडलांतील अतिदाबाचा सखोल अभ्यास केला.

== जीवन ==
त्यांचा जन्म ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे झाला. वडील व आजोबांप्रमाणे त्यांच्याही पाठीला कुबड होते. समाजवादी चळवळीतील सहभागामुळे अटकेची वेळ येताच १८८८ मध्ये विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून ते झुरिचला गेले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क बंदरावर अधिकारी त्यांना परत पाठवण्याच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने हमी घेतली म्हणून प्रवेश मिळाला. अवघ्या तीन वर्षांत, १८९२ मध्ये, लोखंडातील चुंबकीय मंदायनाचा त्यांचा नियम प्रसिद्ध झाला.

== अतिदाबाचा अभ्यास ==
तीन एककला रोहित्रे जोडून त्रिकला संच बनवताना दोन्ही बाजू तारका पद्धतीने जोडल्या आणि न्यूट्रल मोकळा ठेवला, तर एक छुपा धोका उद्भवतो. लोखंडी गाभा संपृक्त होऊ लागला की त्याला मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा प्रवाहही लागतो. हा प्रवाह तिन्ही तारांत एकाच क्षणी एकाच दिशेने जाऊ पाहतो. त्यामुळे त्याला परतीची वाट उरत नाही. परिणामी प्रत्येक गुंडाळीवरील दाबाला उंच शिखर येते व निरोधनावर ताण पडतो. दोन तारांमध्ये लावलेल्या व्होल्टमापकावर मात्र हा वाढीव दाब दिसत नाही, हे विशेष. एक बाजू त्रिकोणात जोडली की तो प्रवाह तिच्यातच फिरत राहतो. संपृक्ततेमुळे बिघडणाऱ्या तरंगाकृतींचा ऊहापोह स्टाइनमेट्झ यांनी विद्युत मंडलांवरील १९१७ च्या ग्रंथात केला. खोपोलीची वीज त्याच्या दोनच वर्षे आधी मुंबईला पोहोचली होती. आज वसईतील गिरीजसारख्या गावांना वीज देणाऱ्या वितरण रोहित्रांचीही उच्चदाब बाजू सामान्यतः त्रिकोणात असते.

बाहेरून येणारा अतिदाब म्हणजे वीज कोसळणे. १९२० मध्ये त्यांच्या नदीकाठच्या झोपडीवरच वीज पडली. त्यांनी फुटलेल्या आरशाचे तुकडे जुळवून तिच्या मार्गाचा माग काढला आणि १९२२ मध्ये प्रयोगशाळेत एक लाखाहून अधिक व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली.

== सार्वजनिक कार्य ==
शेनेक्टाडी येथील युनियन कॉलेजात ते प्राध्यापक होते. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. चरित्रलेखनात हा भाग अकारण मागे पडतो. ते अविवाहित राहिले. सहकारी जोसेफ हेडन यांना त्यांनी दत्तक घेतले व त्यांच्या कुटुंबासह ते अखेरपर्यंत शेनेक्टाडीतच राहिले.