रंगमंच ते प्रसूतिगृह : ओल्गा नेदरसोल

एप्रिल १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका इंग्रज अभिनेत्रीवर खटला चालला. ‘सॅफो’ नाटकात नायक नायिकेला उचलून घेऊन गोल जिना चढून जातो. त्या प्रसंगावरून नीतिरक्षकांनी गदारोळ केला, नाटक बंद पाडले आणि नायिकेवर अश्लीलतेचा आरोप ठेवला. ज्यूरीने थोडक्या वेळात तिला निर्दोष ठरविले आणि नाटक पुन्हा सुरू झाले. ती अभिनेत्री म्हणजे ओल्गा नेदरसोल. त्या खटल्याने त्यांचे नाव दोन्ही खंडांत गाजले. परंतु त्यांच्या आयुष्यातील याहून मोलाचे काम अजून पुढेच होते, आणि त्याचा रंगभूमीशी काहीही संबंध नव्हता.

ओल्गा यांचा जन्म १८६७ साली लंडनमध्ये झाला. १८८७ मध्ये ब्रायटन येथे त्या प्रथम रंगमंचावर आल्या आणि काही वर्षांतच लंडन व अमेरिकेत त्यांना मोठी मागणी आली. समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांच्या भूमिका त्या मनापासून करीत. ‘कार्मेन’मधील त्यांच्या चुंबनदृश्याची चर्चा तर वृत्तपत्रांतून कित्येक दिवस चालली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मात्र त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला आणि जखमी सैनिकांच्या शुश्रूषेचे काम पत्करले. लोकांचे आरोग्य हे केवळ डॉक्टरांवर सोपवून देण्याचे काम नव्हे, अशी त्यांची धारणा झाली आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘पीपल्स लीग ऑफ हेल्थ’ ही संस्था स्थापन केली.

अभिनेत्रीने काढलेल्या संस्थेकडे विद्वानांनी पाठ फिरविली असती तर नवल नव्हते. पण ओल्गा यांनी नामवंत वैद्यकतज्ज्ञांना एकत्र आणले. दूषित दुधातून पसरणाऱ्या क्षयरोगावर लीगच्या समितीने १९३२ मध्ये अहवाल सादर केला. १९३६ मध्ये ओल्गा यांना ‘सीबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. त्यानंतर लीगने मातांच्या आहाराचा प्रश्न हाती घेतला.

त्या काळी गर्भारपणातील ज्या विकाराला ‘टॉक्सिमिया’ म्हणत, त्याला आज आपण प्री-एक्लॅम्पसिया म्हणतो. गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज येणे ही लक्षणे दिसू शकतात. विकार बळावला तर आकडी येते आणि माता व बाळ या दोघांचाही जीव धोक्यात येतो. मातेच्या निकस आहाराशी याचा संबंध असेल काय, असा प्रश्न लीगच्या तज्ज्ञांपुढे होता.

१९३८ मध्ये लंडनमधील दहा रुग्णालयांत प्रयोग सुरू झाला. एकूण ५,०२२ गर्भवतींची नोंद झाली. त्यांना एकाआड एक अशा क्रमाने दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला लोह, कॅल्शियम, आयोडीन, मँगनीज, तांबे, ‘ब १’ व ‘क’ जीवनसत्त्वे आणि हॅलिबट माशाच्या यकृताचे तेल देण्यात आले. दुसऱ्या गटाला यांपैकी काहीच नाही. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले, लंडनमधून माता व मुले बाहेर हलविली जाऊ लागली, तरीही हाती आलेल्या नोंदी जपल्या गेल्या. प्राथमिक अहवाल १९४२ मध्ये, तर सविस्तर अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. पूरक घटक मिळालेल्या पहिलटकरणींमध्ये प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. ओल्गा तेव्हा सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. ९ जानेवारी १९५१ रोजी बोर्नमथ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात एक कोडे उरले. एवढ्या घटकांपैकी गुण नेमका कशाचा? १९९० मध्ये काही संशोधकांनी जुन्या आकड्यांची पुन्हा छाननी करून माशाच्या तेलाकडे बोट दाखविले. दरम्यान निराळा विचारही पुढे आला. वारेला रक्तपुरवठा अपुरा पडला की घातक ऑक्सिडीकारक रेणू वाढतात आणि मातेच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. मग अँटिऑक्सिडंट असलेली ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे दिली तर? १९९९ मध्ये लंडनमध्येच २८३ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात हे प्रमाण १७ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. आशा पल्लवित झाल्या. औषधांच्या दुकानात सहज मिळणारी गोळी मातांचे प्राण वाचविणार, असे वाटू लागले.

पण मोठ्या चाचण्यांनी ही आशा फोल ठरविली. २००६ मध्ये ब्रिटनमधील सुमारे २,४०० स्त्रियांच्या चाचणीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. उलट जीवनसत्त्वे घेतलेल्या गटात कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. आहार निकस असलेल्या देशांत तरी फायदा होईल, असे वाटून जागतिक आरोग्य संघटनेने चार देशांत चाचणी घेतली. त्यात आपले नागपूरही होते. २००९ मध्ये तिचाही निष्कर्ष नकारार्थीच निघाला. २०१० मध्ये अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराच्या प्रतिबंधासाठी ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे देऊ नयेत, अशी शिफारस केली.

त्याच शिफारशींत दोन उपाय मात्र टिकून राहिले. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे त्यांना कॅल्शियम, आणि ज्यांना धोका अधिक आहे त्यांना वैद्यकीय सल्ल्याने अल्प मात्रेत ॲस्पिरिन. कॅल्शियम लीगच्या त्या मिश्रणातही होते. मात्र १९३८ सालच्या यशाचे श्रेय त्यालाच होते, असे म्हणता येत नाही. अनेक घटक एकत्र दिल्याने आणि दुसऱ्या गटाला दिखाऊ गोळीही न दिल्याने ते कोडे त्या आकड्यांतून सुटणे शक्यच नव्हते.

मग ओल्गा यांच्या प्रयोगाचे मोल कशात? गर्भवतींना काही द्यायचे तर ते चांगल्या हेतूने द्यावे एवढेच पुरेसे नाही. ज्यांना दिले आणि ज्यांना दिले नाही त्यांची तुलना व्हावी, आकडे जपावेत, पुढच्यांना ते तपासता यावेत, ही शिस्त युद्धाच्या धामधुमीतही त्यांच्या संस्थेने पाळली. पुढे याच शिस्तीने अँटिऑक्सिडंटवरील भाबडा विश्वास दूर केला. आजही शक्तिवर्धक म्हणून अशा गोळ्या मनानेच घेणाऱ्या गर्भवती कमी नाहीत. गोळी घेतली म्हणून निर्धास्त राहणे आणि रक्तदाब मोजून घ्यायला न जाणे, यातच खरा धोका आहे. दर तपासणीत रक्तदाब मोजणे व लघवी तपासणे या साध्या गोष्टींना पर्याय ठरेल, अशी गोळी अजून निघालेली नाही.