आकाश तोलणारे फ्रिट्झ झ्विकी

थोरांची चरित्रे म्हटली की समाजसुधारक आणि साहित्यिक आपल्या डोळ्यांसमोर येतात. मी कला शाखेचा विद्यार्थी; तरीही या लेखासाठी मी एक खगोलशास्त्रज्ञ निवडला आहे.

फ्रिट्झ झ्विकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना येथे झाला. वडील स्विस व्यापारी. मुलाने व्यापाराचे शिक्षण घ्यावे म्हणून सहाव्या वर्षी त्याला स्वित्झर्लंडमध्ये आजी-आजोबांकडे पाठवले. मुलाचे मन मात्र गणित आणि पदार्थविज्ञानात रमले. झुरिकला शिक्षण संपवून १९२५ साली ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले आणि तिथेच प्राध्यापक झाले.

१९३३ साली त्यांनी अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेने दिसणारा दीर्घिकांचा गुच्छ अभ्यासला. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणेच शक्य नव्हते. गुच्छ कधीच विखुरला असता. मग त्यांना धरून कोण ठेवते? न दिसणारे द्रव्य, असे झ्विकींचे उत्तर होते. त्याला त्यांनी कृष्णद्रव्य म्हटले. त्यांच्या हिशेबाने वस्तुमान दिसते त्याच्या सुमारे चारशे पट निघाले. अंतरांची तेव्हाची मापे चुकीची असल्याने हा आकडा फुगलेला होता. त्यातून झ्विकींचा स्वभाव फटकळ. बहुतेकांनी हा विषय बाजूला ठेवला.

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्यावरून उहुरू हा उपग्रह उडाला. दीर्घिकांच्या गुच्छांतून क्ष-किरण येतात, हे त्याने दाखवले. दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला आहे, हे पुढे कळले. भांड्यातील वाफेचा जोर कळला की तिला दाबून धरणाऱ्या झाकणाचे वजन काढता येते, तसेच हे आहे. क्ष-किरणांवरून वायूचे तापमान आणि केंद्रापासून बाहेर जाताना कमी होणारी त्याची घनता काढतात. एवढा तापलेला वायू निसटू नये यासाठी किती गुरुत्वाकर्षण हवे, म्हणजेच गुच्छाचे वस्तुमान किती, हे त्यावरून ठरते. अतिदूरच्या गुच्छांचे वस्तुमानही आज असे मोजतात. हा वायू गुच्छातील सर्व ताऱ्यांहून भारी भरतो. म्हणजे झ्विकींना न दिसलेल्या द्रव्याचा एक भाग सापडला. तरीही सुमारे ८५ टक्के वस्तुमान अदृश्यच राहते!

मला वाटते, झ्विकींचा आकडा चुकला, पण प्रश्न चुकला नाही. परीक्षेत आपण फक्त उत्तराला गुण देतो. ज्ञानाच्या वाटेवर मात्र खऱ्या प्रश्नाचेही मोल असते.

त्यांची आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांसाठी त्यांनी पुस्तके गोळा करून परदेशी पाठवली. घरात पुस्तकांचे कपाट नसलेल्या, घराण्यातून प्रथमच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला ग्रंथालय म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

८ फेब्रुवारी १९७४ रोजी पासाडेना येथे झ्विकी वारले. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, याचे उत्तर अजून कोणालाही सापडलेले नाही. विज्ञान शाखेतील माझ्या मित्रांनो, तो प्रश्न तुमची वाट पाहत आहे.