इब्राहिम खान गारदी

इब्राहिम खान गारदी (मृत्यू: जानेवारी १७६१) हे मराठ्यांच्या तोफखान्याचे व कवायती पायदळाचे सरदार होते. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत ते जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडले आणि कैदेतच त्यांचा जीव घेण्यात आला.

फ्रेंच सेनानी बुसी याच्या लष्करी पद्धतीत तयार झालेले इब्राहिम खान प्रथम निजामाच्या चाकरीत होते. तेथून बाहेर पडल्यावर सदाशिवरावभाऊंनी त्यांना पेशव्यांच्या सैन्यात घेतले. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर (आजचा लातूर जिल्हा) येथे निजामाचा पराभव झाला, तो मुख्यतः त्यांच्या तोफांमुळे. आपल्या शिपायांना दरमहा नियमित पगार मिळावा, यासाठी ते भाऊंची नाराजीही पत्करीत.

ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकले. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे यांचे शिर कापणारा कुतुबशाह तेथे जिवंत सापडला. त्यालाही ठार करण्यात आले. हाती आलेल्या शत्रूला मारण्याचा प्रकार एकाच बाजूकडून घडला, असे म्हणता येत नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडून काढली. त्यात त्यांच्या नऊ पलटणींपैकी सहा जवळजवळ नष्ट झाल्या. भाल्यांच्या व गोळीच्या जखमा झालेले इब्राहिम खान शुजाउद्दौल्याच्या लोकांच्या हाती लागले. शुजाने त्यांना आपल्या छावणीत लपविले. पुढील हकीकत शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवली आहे. त्यांना आमच्या स्वाधीन करा, अशी मागणी करीत दुराण्यांनी अहमदशाह अब्दालीच्या तंबूपुढे गोंधळ घातला. शुजाने आधी ते आपल्याकडे नाहीत असेच सांगितले. अखेर वजीर शाहवली खानाने आठवडाभरात सुखरूप परत करण्याचे वचन देऊन त्यांना नेले. त्यानंतर जखमांच्या पट्ट्यांत विष घालण्यात आले व सातव्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

याच काळात कोवळ्या वयाचे जनकोजी शिंदे कैदेत मारले गेले. खंडणी घेऊन त्यांना सोडविण्याची बोलणी फसली होती. अफगाण छावणीतील हजारो सामान्य कैद्यांची लढाईच्या दुसऱ्या दिवशी कत्तल झाली. शुजाच्या छावणीत आश्रय घेतलेले सहा-सात हजार लोक मात्र वाचले.

पुढे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला. त्यामुळे मराठीत गारदी हा शब्द मारेकरी या अर्थाने रूढ झाला.