फॅनी लू हेमर : दुकानाच्या वहीतून गरिबांना सोडवायला 'डुकरांची बँक' काढणारी बाई

घरातलं तेल संपलं, पीठ संपलं तर आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातो, नाहीतर मोबाईलवरून मागवतो. पण ज्या गावात कोपऱ्यावर वाणीच नाही आणि जवळचं दुकान गाडीशिवाय गाठता येत नाही, तिथल्या लोकांनी काय करायचं?

अशा भागाला 'फूड डेझर्ट' म्हणतात. म्हणजे अन्नाचं वाळवंट. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तर याचं मापच ठरवून टाकलंय. वस्ती गरीब असेल आणि तिथल्या बऱ्याच लोकांना मोठं किराणा दुकान शहरात १ मैलापेक्षा किंवा ग्रामीण भागात १० मैलांपेक्षा लांब पडत असेल, तर ती वस्ती या यादीत जाते.

आता उलटा प्रश्न. दुकान मळ्यातच आहे, भोवतीची जमीन जगातल्या सगळ्यात सुपीक जमिनींपैकी एक आहे, तरीही माणसं उपाशी राहू शकतात का?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा भागात फॅनी लू हेमर यांनी आयुष्यभर हेच पाहिलं. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणारी बाई म्हणून अमेरिका त्यांना ओळखते. पण त्यांची दुसरी लढाई भाकरीची होती, आणि या दोन लढाया वेगळ्या नव्हत्याच.

सार्डिनचा डबा आणि ३० पौंड कापूस

६ ऑक्टोबर १९१७ ला फॅनी लूचा जन्म झाला. टाउनसेंड कुटुंबातलं हे विसावं आणि शेवटचं लेकरू. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आलं. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या तालुक्यासारखं. आईवडील गोऱ्या मालकाची जमीन बटईनं करायचे.

बटईचा हिशोब असा असायचा. पेरणीच्या वेळी मालक बी-बियाणं द्यायचा. घरात लागणारं पीठ, मीठ, कपडा मळ्यावरच्या दुकानातून उधारीवर मिळायचा. दुकान मालकाचंच, वहीही मालकाचीच. कापूस निघाला की त्यातून ही उधारी कापून घ्यायची आणि उरलंच तर कुळाला द्यायचं. बहुतेकदा काही उरायचंच नाही. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच वही.

फॅनी लू सहा वर्षांची असताना मालकानं तिला विचारलं, कापूस वेचशील का? आठवड्यात ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो वेचलास तर माझ्या दुकानातून खाऊ देईन. दुकानात सार्डिन माशांचे डबे होते, गोड खाऊ होता. पोरीनं ३० पौंड वेचले आणि खाऊ मिळवला. पण त्यानंतर तिचं वेचणं थांबलंच नाही. वजन वाढत गेलं. तेरा वर्षांची झाली तेव्हा ती दिवसाला २०० पौंडांहून जास्त कापूस वेचत होती. शाळा सुटली ती कायमची.

हिवाळ्यात आई पोरांना घेऊन वेचणी झालेल्या शेतांत सरवा वेचायला जायची. झाडांवर राहिलेला कापूस गोळा करून विकायचा आणि त्यावर घर चालवायचं.

एका वर्षी वडिलांनी पैसे साठवून स्वतः जमीन भाड्यानं घेतली, खेचरं आणि गाई विकत घेतल्या. आता वहीतून सुटका होईल असं वाटत होतं. एका रात्री कुणीतरी जनावरांच्या चाऱ्यात विष कालवलं. जनावरं मेली आणि कुटुंब परत बटईवर आलं.

तराजूतला काटा

पुढे फॅनी लूचं लग्न ट्रॅक्टर चालवणाऱ्या पेरी हेमर यांच्याशी झालं. रुलव्हिल या छोट्या गावाजवळच्या एका मळ्यात दोघं कामाला होते. लिहिता-वाचता येत असल्यामुळे हेमर यांना हजेरी मांडायचं आणि कापूस तोलायचं काम मिळालं.

इथं त्यांना कळलं की लूट वहीत होण्याआधी तराजूवरच होते. मालकाच्या वजनात खोट होती. मालक आसपास नसला की हेमर आपल्याकडचं खरं वजन लावायच्या आणि मजुरांचा कापूस बरोबर मोजायच्या.

३१ ऑगस्ट १९६२ ला त्या आणखी १७ जणांसोबत बसनं इंडियनोला या काउंटीच्या मुख्य गावी गेल्या. कशासाठी? मतदार यादीत नाव नोंदवायला. वयाच्या चाळिशीपर्यंत आपल्याला मतदान करता येतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नोंदणीआधी राज्यघटनेवर परीक्षा घेतली जायची, आणि ती कृष्णवर्णीयांना नापास करण्यासाठीच होती. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग जास्तच पिवळा आहे असं सांगून चालकाला दंड केला.

त्या घरी पोचल्या तेव्हा मालक वाटच बघत होता. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. १८ वर्षं तिथं राबलेल्या हेमर यांनी त्याच रात्री घर सोडलं.

पोटावर पाय

त्याच हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर काउंटीत आणखी मोठा प्रकार घडला. केंद्र सरकार तिथल्या गरिबांना पीठ, तांदूळ असं शिलकी धान्य फुकट वाटायचं. हिवाळ्यात मळ्यांवर काम नसतं, त्यामुळे वीस हजारांहून जास्त लोक यावर जगत होते. मतदार नोंदणीची चळवळ जोर धरू लागली आणि काउंटीच्या कारभाऱ्यांनी हे वाटपच बंद केलं. धान्य सरकारी होतं, पण कुलपाची किल्ली स्थानिकांकडे होती.

इतर राज्यांतून ट्रकभर अन्न पाठवलं गेलं. कॉमेडियन डिक ग्रेगरी तर विमानानं धान्य घेऊन आले. रुलव्हिलमध्ये हेमर अशी मदत वाटायच्या आणि घ्यायला आलेल्यांना मतदार नोंदणीलाही जायला सांगायच्या.

याची किंमत त्यांनी मोजली. जून १९६३ मध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकी मारहाण झाली की मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सगळं देशासमोर सांगितलं. लोकांचं लक्ष वळवायला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वेळी घाईघाईनं पत्रकार परिषद बोलावली. पण वाहिन्यांनी हेमर यांचं बोलणं संध्याकाळी दाखवलंच.

१९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. तरी चूल पेटत नव्हती. कापूस वेचायला यंत्रं आली, तण मारायला औषधं आली आणि मजुरांची गरज संपली. फुकट धान्याऐवजी 'फूड स्टॅम्प' म्हणजे अन्नाची कुपनं आली. ती दुकानात चालायची, पण आधी थोडे रोख पैसे भरून विकत घ्यावी लागायची. ज्याच्या हातात डॉलरच नाही, त्याला कुपनही नाही. दुकानात माल होता, सरकारची योजना होती आणि तरीही डेल्टातली मुलं उपाशी होती.

बँक डुकरांची

दुकान, वही, तराजू, कुपन या सगळ्यांची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे, तोवर भूकही त्याच्याच हातात राहणार, हे हेमर यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी अन्नच आपल्या हातात घ्यायचं ठरवलं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी कृष्णवर्णीय महिलांच्या राष्ट्रीय परिषदेनं दिलेल्या डुकरांवर त्यांनी 'डुकरांची बँक' सुरू केली. तिथल्या गरीब घरात डुकराचं मांस म्हणजे हिवाळ्याची बेगमी. बँक कुटुंबाला एक मादी द्यायची. ती व्याली की पिल्लं कुटुंबाची आणि मादी परत बँकेत, पुढच्या घरासाठी. व्याज नाही, वही नाही. काही वर्षांत शेकडो कुटुंबांच्या दारात जनावर आलं.

१९६९ मध्ये देणग्यांवर ४० एकर जमीन घेऊन 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभी राहिली. नंतर आणखी ६४० एकर घेतली. वाटाणे, शेंगा, भेंडी, पालेभाज्या खाण्यासाठी. कापूस आणि सोयाबीन जमिनीचे हप्ते फेडण्यासाठी. सभासदाची वर्गणी महिन्याला १ डॉलर. तीही थोड्याच कुटुंबांना परवडायची, पण भाजी न देता कुणाला परत पाठवलं नाही. मळ्यांवरून हाकलल्या गेलेल्यांसाठी घरंही बांधली.

मग हे टिकलं का? नाही. आधी वादळ आलं, मग पूर आणि दुष्काळानं पिकं गेली. सगळा डोलारा देणग्यांवर होता, त्या आटल्या. शेतीचा कारभार बघणारा भरवशाचा माणूस वारला. हेमर स्वतः आजारी होत्या. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना आधी खायला घालायचं, हे ज्या शेतीचं तत्त्व होतं, तिच्याकडे कर भरायला पैसे उरले नाहीत. १९७६ मध्ये जमीन हातातून गेली.

१४ मार्च १९७७ ला वयाच्या ५९ व्या वर्षी हेमर यांचं निधन झालं. जवळ पैसा असा नव्हताच. पुढे सहा महिन्यांनी, सप्टेंबर १९७७ मध्ये नवा कायदा झाला आणि अन्नाच्या कुपनांसाठी आधी रोख पैसे भरायची अट गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

आज फूड डेझर्टचा नकाशा काढताना दुकान किती मैलांवर आहे हे मोजतात. ते मोजायलाच हवं. पण हेमर यांच्या लहानपणी दुकान मळ्यातच होतं. त्यांचं आयुष्य त्या नकाशाला आणखी प्रश्न जोडतं. दुकान कुणाचं आहे? वही कोण लिहितं? आणि उद्या त्यानं दार बंद केलं, तर गावाकडे स्वतःचं काय आहे?

रुलव्हिलमध्ये हेमर दाम्पत्याची समाधी आहे. ती ज्या जमिनीवर आहे, ती कधीकाळी फ्रीडम फार्मनं विकत घेतली होती.