‘पहिली’च्या पुढच्या कमलाबाई

एकांकिका स्पर्धांचा सीझन जवळ आला की कॉलेजच्या तालमीत काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. नायिकेच्या रोलसाठी पाचजणी रांगेत असतात. आजी, आत्या नाहीतर शेजारच्या काकू करायच्या म्हटलं की सगळ्यांच्या अचानक असाइनमेंट निघतात. शेवटी एक बिचारी केसांना पावडर लावून उभी राहते. गंमत म्हणजे बऱ्याचदा टाळ्या तिलाच पडतात.

आजची गोष्ट अशाच एका बाईंची आहे. फरक एवढाच, की त्या आधी नायिका होत्या. साध्या नाहीत, भारतीय सिनेमातल्या अगदी पहिल्या. त्यानंतरची कित्येक दशकं त्यांनी मिळेल ती भूमिका केली आणि त्यावर घर चालवलं. त्यांचं नाव कमलाबाई गोखले.

हे नाव तुम्ही क्विझमध्ये ऐकलं असेल. दादासाहेब फाळके, १९१३, ‘मोहिनी भस्मासुर’, पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्री कलाकार कोण? उत्तर दोन नावांचं आहे, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. दोन मार्क मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. खरी गोष्ट मात्र त्या उत्तराच्या आधी आणि नंतर आहे.

आईने घेतलेला निर्णय

कमलाचा जन्म १९०० च्या सुमाराचा. वडील मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. म्हणजे घर शिकलेलं, पांढरपेशा. पण आई-वडिलांचं पटलं नाही आणि दुर्गाबाई लहानग्या कमलाला घेऊन बाहेर पडल्या. साल होतं १९०३ च्या आसपासचं. आज ‘सिंगल मदर’ हा शब्द आपण सहज वापरतो. तेव्हा असा शब्दही नव्हता आणि अशा बाईला समाजात जागाही नव्हती. नोकरी मिळण्याइतकं शिक्षण बायकांना कुणी दिलेलं नव्हतं. राहिलं काय? लोकांच्या घरची धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट. दुर्गाबाईंनी तिसरा रस्ता धरला, नाटक कंपनीचा.

हा निर्णय किती मोठा होता, हे कळायला तेव्हाची रंगभूमी डोळ्यासमोर आणा. मोठ्या संगीत नाटक मंडळ्यांमध्ये बायकांची कामं पुरुष करायचे. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तीही १९१३ मध्येच. ते स्त्री-भूमिकेत कसा शालू नेसतात, अंबाड्यावर गजरा कसा माळतात, हे बघून चांगल्या घरच्या बायका त्यांची नक्कल करायच्या. म्हणजे स्टेजवरची बाई लोकांना हवी होती, पण ती पुरुषाने केलेली. खरीखुरी बाई तोंडाला रंग लावून उभी राहिली की ती ‘तसली’ ठरायची. दुर्गाबाईंनाही नातेवाइकांनी आणि समाजाने दूर केलं. त्या मागे फिरल्या नाहीत, कारण फिरायला मागे काही उरलंच नव्हतं.

कमला साधारण चार-पाच वर्षांची असताना स्टेजवर गेली. कंपनी आज या गावात, उद्या त्या. शाळा कुठली गाठणार? तिची शाळा म्हणजे विंगेतली जागा. पाठ काय करायचं? नाटकातली भाषणं आणि पदं. आपल्यातले काही जण ‘स्टेज इज माय फर्स्ट लव्ह’ असं बायोमध्ये लिहितात. कमलाला हे प्रेम निवडायला मिळालं नव्हतं. ते तिच्या वाट्याला आलं आणि ती त्यात तयार होत गेली.

मोहिनी, वय वर्षं तेरा

आता नाशिकला चला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला. त्यातली तारामती कोण होती, तर अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा एक तरुण. फाळक्यांनी बायका शोधल्या नव्हत्या असं नाही. पार वेश्यावस्तीपर्यंत जाऊन विचारून झालं होतं. तिथूनही नकार आला. सिनेमात काम करणं हे त्यांनाही कमीपणाचं वाटत होतं, यावरून बाकीच्यांचं काय मत असेल याचा अंदाज करा.

फाळक्यांनी मग बस्तान नाशिकला हलवलं आणि पुढचा सिनेमा काढला, ‘मोहिनी भस्मासुर’. या वेळी त्यांना मायलेकी मिळाल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या, कमला मोहिनी. ती तेव्हा तेरा वर्षांची, म्हणजे आपल्या हिशेबाने आठवीतली मुलगी.

कथा तुम्हाला माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला मिळतो. विष्णू मोहिनीचं रूप घेतो, नाचता नाचता त्याला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावतो आणि राक्षस संपतो. म्हणजे बघा, सगळीकडे पुरुष बायकांची कामं करत असताना ही मुलगी एका देवाने घेतलेलं बाईचं रूप करत होती.

आणखी एक अडचण होती. नाटकातल्या मुलीची सगळी कमाई गळ्यात असते. माइक नसलेल्या थिएटरात पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, हे तिचं ट्रेनिंग. आणि हा सिनेमा मुका! कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवायचा, उजेड उन्हाचा आणि आवाजाचा उपयोग शून्य. जे काही सांगायचं ते चेहरा, हात आणि पावलांनी. बघून शिकायला आधीची एकही नटी नव्हती. तिच्याआधी कुणी नव्हतंच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आज आपण याला ‘इतिहास घडला’ म्हणतो. त्या दोघींसाठी तो कामाचा दिवस होता. सिनेमा झाला आणि मायलेकी पुन्हा नाटकाकडे वळल्या. फाळक्यांच्या सिनेमात पुरुषांनी साड्या नेसणंही चालूच राहिलं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं. एक मुलगी पडद्यावर आली म्हणून दार उघडलं आणि बायका आत आल्या, असं काही झालं नाही.

नवरा स्त्री-पार्टी, बायको पुरुष-पार्टी

पंधराच्या आसपास कमलाचं लग्न झालं. नवरा रघुनाथराव गोखले, नाटकातलेच. किर्लोस्कर मंडळीत ते स्त्री-भूमिका करायचे. आवाज फुटला आणि पुरुषांच्या भूमिकांकडे वळावं लागलं. पुढे गोखल्यांच्या स्वतःच्या कंपनीत कमलाबाई नायिका झाल्या. ज्या कामासाठी कंपन्या कोवळ्या आवाजाची मुलं शोधत फिरायच्या, ते काम करायला इथे एक खरी बाई होती. पुढे कमलाबाईंनी पुरुषांच्याही भूमिका केल्या. जेंडर-फ्लुइड कास्टिंगवर आपण सेमिनार घेतो. या घरात ती रोजची रोजीरोटी होती.

मग घाव बसला. पंचविशीच्या आसपास कमलाबाई विधवा झाल्या. पदरात मुलं, एकूण तिघे मुलगे त्यांनी वाढवले. वीस-बावीस वर्षांपूर्वी आईपुढे जो प्रश्न होता, तोच आता लेकीपुढे उभा राहिला. त्या काळच्या रितीप्रमाणे विधवेने कोपऱ्यात बसायचं. कमलाबाईंनी पुन्हा तोंडाला रंग लावला.

यानंतरचं करिअर ‘स्टार’चं नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, सिनेमा बोलायला लागला आणि बघता बघता नाटक कंपन्यांचे तंबू उठायला लागले. नाटकाची थिएटरं सिनेमाची झाली. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथ म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. कमलाबाईंनी नाटक आणि सिनेमा दोन्ही सांभाळलं. मूकपट, बोलपट धरून सुमारे ३५ सिनेमे केले. पौराणिक असो की सामाजिक, वय वाढेल तशी भूमिका बदलत गेली. आज आपण ज्याला ‘कॅरेक्टर आर्टिस्ट’ म्हणतो, ते त्या शब्द यायच्या आधीपासून होत्या.

याच काळातली दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवून बघा. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात तारामती केली दुर्गा खोटे यांनी. तीच तारामती, जी १९१३ मध्ये अण्णा साळुंक्यांनी केली होती. दुर्गाबाई खोटे मोठ्या, शिकलेल्या घरातल्या. त्या आल्या आणि सिनेमाला ‘प्रतिष्ठा’ आली, असं म्हटलं जातं. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली, त्याचंही कौतुक झालं. कौतुक रास्तच आहे. पण तेव्हा कमलाबाईंना स्टेजवर उभं राहून जवळजवळ तीस वर्षं झाली होती. चांगल्या घरातून येणाऱ्या बाईने धाडस केलं की ती क्रांती, आणि गरजेपोटी आलेल्या बाईने तेच आधी केलं की ते पोट भरणं. हा भेद आपण अजूनही करतो. नाही?

ऐंशीतही कामावर

मुलांचं काय झालं? चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमी आणि सिनेमातले मातब्बर नट झाले. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. आणि चंद्रकांतरावांचा मुलगा तर तुम्ही नक्की पाहिला आहे. ‘हम दिल दे चुके सनम’मधले ऐश्वर्याचे कडक बाबा, ‘नटसम्राट’ सिनेमातला गणपतरावांचा मित्र रामभाऊ, ‘अनुमती’साठी राष्ट्रीय पुरस्कार घेणारे विक्रम गोखले. २०२२ मध्ये ते गेले, तेव्हा बातम्यांमध्ये घराण्याचा उल्लेख आला, पणजी आणि आजीचाही. आपण ‘नेपो किड’ म्हणून पटकन हसतो. या घरातला वारसा म्हणजे बंगला किंवा बॅनर नव्हता. एका बाईने मुलीचा हात धरून घर सोडलं, तिथून तो सुरू झाला.

कमलाबाई स्वतः १९८० च्या ‘गहराई’मध्ये दिसल्या. म्हणजे ऐंशीच्या घरात असताना. १९१३ ते १९८०, कॅमेऱ्यासमोरची तब्बल सदुसष्ट वर्षं. पुढे दिग्दर्शिका रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा बाई नव्वदीच्या होत्या. माहितीपट मिळाला तर जरूर बघा. पुतळा झालेली पहिली नटी त्यात नाही. एक म्हातारी बाई आहे, शरीर थकलेलं, पण जुन्या नाटकाचा विषय निघाला की आतली नटी जागी होते. विसावं शतक संपायच्या थोडं आधी त्या गेल्या. सिनेमाचं जवळजवळ सगळं शतक त्यांनी आतून पाहिलं होतं.

क्विझमधले दोन मार्क तुमचे पक्के झाले आहेतच. पण कमलाबाईंना फक्त ‘पहिल्या’ म्हणून लक्षात ठेवणं म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीवर फोटो थांबवून पुढची साठ-सत्तर वर्षं कापून टाकणं. पहिलं असणं बरेचदा योगायोगाने होतं. आई असेल त्या कंपनीत, फाळके शोधत असतील त्या वर्षी तुम्ही तिथे असलात की झालं. नायिकेचं काम संपल्यावर, घर कोसळल्यावर, धंद्याची रीतच बदलल्यावर दुसऱ्या दिवशी मेकअप करून कामावर हजर राहणं मात्र योगायोगाने होत नाही.

तालमीत पुढच्या वेळी आजीचा रोल रिकामा दिसला, तर हात वर करा. आणि कुणी दुसरी करत असेल, तर बॅकस्टेजला जाऊन तिला चहा तरी विचारा.