शिक्षक, कारागीर, कारखानदार
अर्थशास्त्राच्या वर्गात भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन ही उत्पादनाच्या घटकांची नावे आम्ही फळ्यावर लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. संयोजक घडतो कसा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. पदवी आणि अल्पमुदतीचे प्रशिक्षणवर्ग यांच्या बेरजेलाच अभियंत्याचा व्यावसायिक विकास समजण्याचा प्रघात पडला असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र नव्याने पाहणे अगत्याचे वाटते.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली त्यांचा जन्म झाला. ओढा चित्रकलेकडे होता. परंतु मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेल्यावर रंगांधळेपणा ध्यानात आला आणि ती वाट बंद झाली. रेषेवरचा हात मात्र पक्का होता. त्याच्या बळावर ते यंत्रांची रेखाटने करण्यास शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. सुरक्षित पगारावर पाणी सोडण्याचा हा निर्णय आम्हा अध्यापकवर्गातील कितीजणांना झेपेल, हे सांगणे कठीण आहे!

कडबा कापण्याच्या यंत्रामागोमाग लोखंडी नांगर आला आणि खरी परीक्षा सुरू झाली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दोन वर्षे नांगर पडून राहिले. या नकाराला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण एका हंगामाच्या चुकीने ज्याचे घर बुडते, त्याची सावधगिरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुळीच अविचारी नव्हती. वस्तू निर्दोष करणे हे कारखानदाराचे अर्धेच काम असते. ती वापरणाऱ्याच्या मनातील धास्ती ओळखणे हे उरलेले अर्धे. हा धडा लक्ष्मणरावांना कोणत्याही संस्थेत मिळाला नसता.

पुढे बेळगाव नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितले. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूर दरबाराकडील जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले.

या वाडीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तेथील माणसांची निवड. शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी पुस्तकी शिक्षणावाचून कारखान्याचे आधारस्तंभ बनले. शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी केले. माणसाच्या मागील नोंदीपेक्षा त्याच्या हातून पुढे काय घडेल, याचा ते हिशेब मांडीत.

या पद्धतीचे भाबडे कौतुक करण्याचे मात्र कारण नाही. ती एका माणसाच्या पारखीवर उभी होती, आणि अशी पारख वारसाहक्काने मिळत नाही. तिला तशी मर्यादाही होती, कारण यंत्रविद्येची शास्त्रीय बाजू केवळ सरावाने पुरी होत नाही. लक्ष्मणरावांनी पदवीचा तिरस्कार केला नाही. ज्या गृहस्थाने स्वतः शाळा सोडलेल्यांवर कारखाना उभारला, त्यानेच आपला पुत्र शंतनुराव यास यंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत धाडले.

१९४१ मध्ये हरिहर, १९४६ मध्ये बंगळूर आणि पुणे असा उद्योगाचा पुढचा विस्तार लक्ष्मणरावांना पाहता आला. १९५६ साली ते निवर्तले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये, शंतनुराव पदवी घेऊन परतले ते थेट वाडीतच कामाला लागले. तेथे ज्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली आणि बरोबरीने त्यांना वागायचे होते, त्यांतील अनेकांनी शाळा अर्ध्यावरच सोडलेली होती.